पुनर्निर्मित नगर आणि वारशाची अस्सलता : वॉर्सा शहराच्या ऐतिहासिक वास्तूंचा अभ्यास

१. प्रस्तावना

युरोपातील ऐतिहासिक राजधान्यांचा विचार करताना रोम, पॅरिस, व्हिएन्ना किंवा प्राग ही शहरे प्रथम डोळ्यांसमोर येतात. या शहरांत शतकानुशतके उभ्या असलेल्या वास्तू हाच त्यांचा वारसा होय. पोलंडची राजधानी वॉर्सा या परंपरेत बसत नाही. तेथील जुन्या नगरात फिरणाऱ्या अभ्यासकाला सतराव्या-अठराव्या शतकातील घरे, तटबंदी, चर्च आणि राजवाडा दिसतो. परंतु यांतील बहुतेक बांधकाम १९४५ नंतरचे आहे. असे असूनही १९८० मध्ये युनेस्कोने या नगराचा समावेश जागतिक वारसा यादीत केला. जी वास्तू मूळ नाही, तिला वारसा म्हणता येते का, आणि म्हणावयाचे असेल तर कोणत्या आधारावर, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात वॉर्सामधील प्रमुख वास्तूंच्या अनुषंगाने केला आहे.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

व्हिस्तुला नदीच्या काठी वसलेल्या वॉर्साचे महत्त्व सोळाव्या शतकाच्या अखेरीस वाढले. राजा झिग्मुंट तिसरा वासा याने १५९६ पासून क्राकूव्ह येथील राजदरबार टप्प्याटप्प्याने वॉर्सा येथे आणला. १६४४ मध्ये त्याच्या पुत्राने उभारलेला झिग्मुंट स्तंभ आजही राजवाड्यासमोरील चौकात या शहराचे प्रतीक म्हणून ओळखला जातो. ३ मे १७९१ रोजी पोलंडची लिखित राज्यघटना याच राजवाड्यात संमत झाली. त्यानंतर लवकरच रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी देशाची फाळणी पूर्ण केली व पोलंड हे राष्ट्र नकाशावरून १२३ वर्षे नाहीसे झाले. त्यामुळे या वास्तू पोलिश जनतेच्या दृष्टीने हरवलेल्या स्वातंत्र्याच्या खुणा बनल्या.

३. विध्वंसाचे स्वरूप

दुसऱ्या महायुद्धात वॉर्साचा विध्वंस तीन टप्प्यांत झाला. सप्टेंबर १९३९ मधील जर्मन बॉम्बवर्षावात १७ सप्टेंबर रोजी राजवाडा पेटला. मनोऱ्यावरील घड्याळ ११ वाजून १५ मिनिटांनी बंद पडले. दुसरा टप्पा १९४३ चा. १९ एप्रिल रोजी ज्यू वस्तीत सुरू झालेला उठाव चिरडल्यानंतर ती संपूर्ण वस्ती जमीनदोस्त करण्यात आली आणि १६ मे रोजी शहरातील मोठे सिनेगॉग स्फोटकांनी उडविण्यात आले. १ ऑगस्ट १९४४ रोजी सुरू झालेला वॉर्साचा उठाव ६३ दिवस चालला. तो मोडून काढल्यावर जर्मन सैन्याने नागरिकांना शहराबाहेर काढले आणि उरलेल्या इमारती योजनाबद्ध रीतीने जाळल्या व उडविल्या. ऐतिहासिक केंद्राचा ८५ टक्क्यांहून अधिक भाग नष्ट झाला.

येथे एक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. लढाईच्या ओघात होणारी हानी आणि एखाद्या समाजाची स्मृती पुसण्याच्या हेतूने केलेला विध्वंस यांत मूलभूत फरक आहे. वॉर्साच्या पुनर्बांधणीचे समर्थन याच फरकावर उभे आहे.

४. पुनर्बांधणीची साधने

फेब्रुवारी १९४५ मध्ये राजधानी पुनर्बांधणी कार्यालय स्थापन झाले. त्याच्या ऐतिहासिक वास्तू विभागाची धुरा यान झाख्वातोविच यांच्याकडे होती. शत्रूने हेतुपुरस्सर नष्ट केलेली सांस्कृतिक स्मारके पुन्हा उभी करणे हे पुढील पिढ्यांप्रती कर्तव्य आहे, अशी त्यांची भूमिका होती. या कार्यास तीन प्रकारची साधने उपलब्ध झाली.

पहिले साधन म्हणजे मोजमापांचे आराखडे. वॉर्सा तंत्रविद्यापीठातील वास्तुकला विभागाने युद्धापूर्वी तयार केलेले आणि जर्मन अमलात गुप्तपणे पुढे चालू ठेवलेले आराखडे प्योत्र्कूव्ह येथील मठात लपवून वाचविण्यात आले. दुसरे साधन चित्रांचे. अठराव्या शतकात राजा स्टानिस्वाव्ह ऑगस्ट पोनियातोव्स्की याच्या दरबारी असलेल्या बेर्नार्दो बेलोत्तो या व्हेनिसच्या चित्रकाराने शहराची तपशीलवार दृश्ये रंगविली होती. राजवाड्याच्या एका दालनात त्यांपैकी २२ चित्रे आज पाहावयास मिळतात. तिसरे साधन म्हणजे प्रत्यक्ष अवशेष. १९३९ मध्येच स्टानिस्वाव्ह लोरेंट्स यांच्या नेतृत्वाखाली संग्रहालयाच्या कर्मचाऱ्यांनी राजवाड्यातील कलावस्तू आणि शिल्पांचे तुकडे जीव धोक्यात घालून हलविले होते. ते पुढे नव्या भिंतींत मूळ जागी बसविण्यात आले.

जुन्या नगराचा बाजारचौक जुलै १९५३ मध्ये खुला झाला. राजवाड्याच्या पुनर्बांधणीचा निर्णय मात्र १९७१ पर्यंत रखडला. त्यासाठी नागरिकांनी व परदेशस्थ पोलिशांनी वर्गणी दिली. १९ जुलै १९७४ रोजी मनोऱ्यावरील घड्याळ ११ वाजून १५ मिनिटांनी, म्हणजे ज्या क्षणी ते थांबले होते त्याच क्षणापासून, पुन्हा सुरू करण्यात आले. १९८४ मध्ये राजवाडा जनतेसाठी खुला झाला.

५. निवड आणि वगळणूक

पुनर्बांधणी म्हणजे हुबेहूब नक्कल, हा समज येथे टिकत नाही. १९३९ मधील शहर जसेच्या तसे उभारले गेले नाही. घरांचे दर्शनी भाग सतराव्या-अठराव्या शतकांच्या शैलीत साकारले, तर आतील रचना आधुनिक निवासासाठी बदलली. दाटीवाटीची मागील बांधकामे वगळून मोकळी अंगणे ठेवण्यात आली. सेंट जॉन कॅथेड्रलचा एकोणिसाव्या शतकातील दर्शनी भाग टाळून त्यास मध्ययुगीन गॉथिक वळण देण्यात आले. झिग्मुंट स्तंभाचा दगडी खांब १९४४ मध्ये कोसळून भंगल्यामुळे १९४९ मध्ये नवा ग्रॅनाइटचा खांब उभारला गेला. जुने तुकडे राजवाड्याशेजारी ठेवले आहेत. बार्बिकन या तटबंदीसाठी व्रोत्सवाफसारख्या इतर शहरांतील विटा वापरण्यात आल्या.

वगळणुकीचा अधिक गंभीर भाग ज्यू वारशाशी संबंधित आहे. युद्धापूर्वी शहराच्या लोकसंख्येत सुमारे ३० टक्के ज्यू होते. त्यांच्या वस्तीच्या ढिगाऱ्यावर मुरानूव्ह ही नवी वसाहत बांधली गेली; त्या ढिगाऱ्यातूनच विटा तयार करण्यात आल्या. मोठे सिनेगॉग पुन्हा उभे राहिले नाही. ज्यूंच्या इतिहासाचे पोलिन संग्रहालय याच परिसरात २०१३ मध्ये सुरू झाले. पुनर्बांधणीत कोणाची स्मृती जागी राहते हे उपलब्ध आराखड्यांइतकेच मागे उरलेल्या समाजावर आणि सत्तेच्या इच्छेवर अवलंबून असते, हे यावरून स्पष्ट होते.

६. अस्सलतेचा प्रश्न

१९६४ च्या व्हेनिस सनदेने उत्खनित स्थळांच्या संदर्भात पुनर्बांधणी निषिद्ध मानली होती. त्यामुळे वॉर्साच्या नोंदीबाबत तज्ज्ञांत मतभेद होते. अखेर सतराव्या-अठराव्या शतकांतील मूळ बांधकामासाठी नव्हे, तर तेराव्या ते विसाव्या शतकापर्यंतच्या इतिहासाच्या जवळजवळ संपूर्ण पुनर्निर्मितीचे असामान्य उदाहरण म्हणून हे नगर यादीत आले. १९९४ च्या नारा दस्तऐवजाने अस्सलतेची कसोटी केवळ मूळ दगड-विटांपुरती न ठेवता परंपरा, उपयोग आणि भावना यांपर्यंत विस्तारली. २००५ मध्ये बोस्नियातील मोस्तारच्या पुनर्निर्मित पुलाचा परिसर यादीत आला, तर पुनर्बांधणी कार्यालयाचे दप्तर २०११ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत समाविष्ट झाले. म्हणजेच वास्तूइतकेच ती उभारण्याच्या प्रक्रियेचे दस्तऐवजही वारसा ठरले.

महाराष्ट्राशी या शहराचा एक स्मृतीचा दुवा आहे. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळील वळिवडे येथे सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची छावणी होती. वॉर्सामधील मॉन्टे कॅसिनो लढाईच्या स्मारकाजवळ त्या छावणीचा स्मृतिफलक आहे. वारसा म्हणजे केवळ भव्य वास्तू नव्हेत, याचे तेही एक उदाहरण होय.

७. समारोप

वॉर्साचे जुने नगर सतराव्या शतकाचा अस्सल पुरावा नाही. मात्र विसाव्या शतकातील एका समाजाच्या निर्धाराचा तो पूर्णतः अस्सल पुरावा आहे. ही दुहेरी ओळख मान्य केली, तरच त्याचे योग्य आकलन होते. या उदाहरणावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, शांततेच्या काळात केलेली मोजमापे, छायाचित्रे व नोंदी हाच आपत्तीनंतरचा एकमेव आधार असतो. दुसरा असा की, पुनर्बांधणी करताना काय वगळले याची प्रामाणिक नोंद ठेवली नाही, तर नवी वास्तू इतिहास सांगण्याऐवजी त्यावर पडदा टाकू शकते.