जहाजावरचा तिसरा बिछाना

सुट्टीत क्रूझवर जाणारी मंडळी आम्हाला विचारतात : केबिन एक, माणसे चार, मग आजींनी झोपायचे कुठे?

खालचे दोन पलंग ठीकच असतात. अडचण जादा बिछान्यांची. सोफा-बेडची गादी घडी पडावी म्हणून बहुधा पातळ असते आणि खालची दांडी नेमकी कमरेला टोचते. दुसरा प्रकार ‘पुलमन’, भिंतीतून किंवा छतातून उघडणारा. (नाव अमेरिकेत आगगाडीचे झोपायचे डबे बनवणाऱ्या जॉर्ज पुलमन यांचे. त्यांच्या डब्यातही वरचा बिछाना दिवसा दुमडून ठेवत.) याची गादी अखंड, खाली सपाट फळी. पाठीला आमच्या मते हाच बरा, पण शिडी चढायची आणि उठून बसले की डोके छताला! रात्री उठणाऱ्या आजींना तो नकोच. सहा वर्षांखालच्या मुलांनाही नको. अमेरिकेत बंक-बेडवर तसा इशाराच छापलेला असतो.

मुलांनो, वर झोपले की जहाज जास्त हलते का? चार-पाच फुटांनी काही फरक पडत नाही. केबिन जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या डेकवर असेल तर मात्र हेलकावे कमी लागतात.

म्हणून आजींना पलंग, दादाला पुलमन, सोफा बाबांना. जादा बिछाना कोणता, हे बुकिंग करतानाच विचारा. सोफा असेल तर अंथरायला एक जादा रजाई मागून घ्या.