देवक : जावळीच्या मुलखातील एक कुलचिन्ह

महाबळेश्वराच्या पायथ्याशी पसरलेल्या जावळीच्या मोरे घराण्याचे देवक मोराचे पीस, असे कुळींच्या याद्या सांगतात. १६५६ मध्ये जावळी शिवाजी महाराजांच्या ताब्यात गेली, चंद्रराव मोऱ्यांची सत्ता संपली. देवक मात्र त्या सत्तेवर अवलंबून नव्हते. येथे आडनाव आणि पक्षी यांचे साम्य इतके उघड आहे की देवक म्हणजे नावाची शाब्दिक करामत असे वाटावे. परंतु ज्यांचे देवक कळंब, हळद वा पंचपल्लव आहे, त्यांच्या बाबतीत हे स्पष्टीकरण टिकत नाही.

विवाहापूर्वी देवक समारंभपूर्वक आणून मांडवात त्याची स्थापना होते. एकदा देवक बसले की कार्य संपेपर्यंत घराला सोयर-सुतक लागत नाही, अशी धारणा आहे. म्हणजे मृत्यूचा नियमही कुळाच्या या चिन्हापुढे थांबतो. झाड देवक असेल तर ते तोडू नये, जाळू नये. आणि सर्वांत कडक नियम सोयरिकीचा : देवक एक असेल तर आडनावे भिन्न असूनही ती माणसे भाऊबंद ठरतात, त्यांच्यात विवाह होत नाही. हे सारे शिकवायला ग्रंथ लागत नाही. मांडवातली एक डहाळी पुरते.

एन्थोव्हेन यांनी मुंबई इलाख्यातील जातीजमातींवरील ग्रंथात (१९२०-२२) देवकांची नोंद केली, ती 'टोटेम' या कल्पनेच्या आधारे. हा शब्द मुळात उत्तर अमेरिकेतील ओजिब्वे लोकांचा. दुर्खीम यांनी १९१२ मध्ये मध्य ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या, विशेषतः अरुंटांच्या, कुलचिन्हांवरून असे प्रतिपादन केले की चिन्हाची पूजा म्हणजे समूहाने केलेली स्वतःचीच पूजा होय. देवकाला हे अर्धेच लागू पडते. ऑस्ट्रेलियातील चिन्ह पूर्वजांच्या प्रवासाशी आणि विशिष्ट भूमीशी जखडलेले असते. त्याची कथा त्या जागेवाचून सांगता येत नाही. कळंब मानणारे कुळ मात्र आपण कळंबापासून जन्मलो असे सहसा सांगत नाही, आणि गाव सोडले तरी देवक बरोबर नेते. तेव्हा देवकाला टोटेम म्हणणे ही सोय आहे, भाषांतर नव्हे.

त्यातही स्त्रीची बाजू अभ्यासकांनी फारशी तपासलेली दिसत नाही. विवाहाने तिचे कूळ बदलते, देवकही बदलते. तरी तिच्या मुलांची सोयरीक ठरवताना काही घरांत तिच्या माहेरचे देवकही टाळले जाते. शहरात डहाळी विकत आणली जाते तेव्हा झाड न तोडण्याचा नियम नकळत मोडतो. देवक जुळते की नाही, हे मात्र मुलगी पाहतानाच विचारून घेतले जाते.