गुणपत्रिकेवरील अन्याय व घरातील मंडळी

विद्यापीठांचे निकाल लागू लागले म्हणजे सुशिक्षित घरांतून दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. गुण चांगले पडले तर "पोरगा मुळातच हुशार", आणि वाईट पडले तर "अभ्यास केला नसेल". मुलाने अभ्यास केला होता, उत्तरेही बरी लिहिली होती, आणि तपासणाऱ्याने ती नीट वाचलीच नाहीत, ही तिसरी शक्यताही असते; पण ती कोणी बोलून दाखविली की वडीलधाऱ्यांच्या कपाळास आठी पडते. गुरुजनांस नावे ठेवू नयेत हा संस्कार आमच्या हाडीमाशी खिळलेला आहे, आणि तो वाईट आहे असे आम्ही म्हणणार नाही. तथापि त्या संस्काराच्या पांघरुणाखाली पुष्कळ गैर गोष्टी सुखाने निजतात, म्हणून आज या विषयाकडे वाचकांचे लक्ष वेधण्याचे योजिले आहे.

प्रथम एका गैरसमजाचा निकाल लावू. परीक्षक हा गुरु नव्हे. मुंबई, कलकत्ता व मद्रास ही तीन विद्यापीठे १८५७ साली निघाली, ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. म्हणजे परीक्षा घ्यावयाची व पदव्या द्यावयाच्या एवढेच त्यांचे काम, आणि शिकविणे महाविद्यालयांकडे. पुढे विद्यापीठे स्वतः शिकवूही लागली, परंतु उत्तरपत्रिका तपासणाराने विद्यार्थ्याचे तोंड पाहू नये ही मूळची रीत मोठ्या परीक्षांतून टिकून राहिली. ज्याने आपल्या मुलास एक अक्षर शिकविले नाही, ज्याचे नाव आपणांस ठाऊक नाही व कळूही दिले जात नाही, त्याच्या पेन्सिलीस गुरुवचनाचे पावित्र्य कोठून आले? आमच्या जुन्या विद्येत तरी शास्त्रार्थ भरसभेत होत असे. कोण जिंकला व कोणत्या युक्तिवादाने, हे चार शास्त्री कानांनी ऐकत. बंद खोलीत पडलेल्या आकड्यापुढे मान तुकविणे ही काही आमची परंपरा नव्हे.

हा आकडा किती डळमळीत असतो, याचा शोध शंभर वर्षांपूर्वीच लागलेला आहे. अमेरिकेत १९१२ साली स्टार्च व एलियट या दोन अभ्यासकांनी इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका छापून शंभराहून अधिक शाळांतील शिक्षकांकडून तपासून घेतली. तिला कोणी शंभरांपैकी ५० गुण दिले, कोणी ९७. भाषेच्या विषयात आवडनिवड यावयाचीच, असे कोणी म्हणेल म्हणून पुढल्याच वर्षी त्यांनी भूमितीची पत्रिका घेतली. तिचे गुण २८ पासून थेट ९० च्या वर पसरले! इंग्लंडात १९३५ साली हार्टॉग व ऱ्होड्स यांनी याहून बोचक प्रयोग प्रसिद्ध केला. इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका १४ परीक्षकांनी तपासल्या, आणि वर्ष-दीड वर्षाने त्याच पत्रिका त्याच परीक्षकांपुढे पुन्हा ठेवण्यात आल्या. एकंदर २१० निर्णयांपैकी ९२ निर्णय बदलले. म्हणजे नापास, पास की त्याहून वरची श्रेणी, या प्रश्नावर परीक्षकाचे स्वतःशीच जमले नाही. हे लबाड लोक नव्हते. अनुभवी व प्रामाणिक होते. प्रामाणिक माणसाच्या हातून एवढा फरक पडतो, तर घाईत, कंटाळून, शेकडो पत्रिकांच्या ढिगाऱ्यात बसलेल्या माणसाच्या हातून काय होत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

यंत्र आणल्याने हा दोष जाईल असे कित्येकांस वाटते. मुंबई विद्यापीठाने २०१७ च्या उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचे ठरविले, आणि तेही सर्व शाखांत एकदम. सुमारे १७ लाख पत्रिकांची छायाचित्रे काढावयाची होती. परीक्षा संपल्यापासून फार तर ४५ दिवसांत निकाल लावावा असा कायदा. पण जुलै उलटला, कुलपतींनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदतही टळली, आणि कित्येक निकाल सप्टेंबरात लागले. मध्यंतरी कोणाच्या पुरवण्या सापडेनात, कोणाच्या पत्रिका दुसऱ्याच्या पत्रिकांत मिसळल्या, आणि हरवलेल्या पत्रिकांपायी सरासरी गुण देण्याची पाळी आली. अखेर ऑक्टोबरात कुलगुरूंस पदावरून दूर करण्यात आले. त्या वर्षी परदेशी वा अन्य विद्यापीठांत प्रवेश मिळूनही गुणपत्रिकेअभावी खोळंबलेल्या मुलांस "अभ्यास केला नसेल" असे म्हणणारे घर किती निष्ठुर ठरले असते!

मग करावे काय? निकाल हाती येताच बापाने मुलाचे गुण चुलत्याच्या मुलाशी ताडून पाहण्याऐवजी विद्यापीठाचे परिपत्रक पाहावे. उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत, गुणांची पडताळणी व फेरमूल्यांकन यांसाठी अर्ज करण्याची मुदत बहुधा थोड्याच दिवसांची असते, आणि रुसण्याफुगण्यातच ती निघून जाते. हा मार्ग आमच्या पिढीस सहज मिळालेला नाही. महाराष्ट्रातील शालान्त मंडळाच्या परीक्षेस बसलेल्या विद्यार्थ्यांनी उत्तरपत्रिका पाहावयास मिळावी म्हणून न्यायालयात धाव घेतली. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचे म्हणणे उचलून धरले, पण १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला. पुढे २००५ चा माहिती अधिकार कायदा आला, आणि २०११ च्या ऑगस्टात त्याच सर्वोच्च न्यायालयाने, तपासलेली उत्तरपत्रिका ही 'माहिती' असून ती पाहण्याचा व तिची प्रत घेण्याचा विद्यार्थ्यास अधिकार आहे, असे ठरविले. परीक्षकाचे नाव मात्र सांगितले जाणार नाही, आणि संस्थेने पत्रिका जपून ठेवावयाच्या मुदतीपुरताच हा अधिकार चालेल, अशा दोन मर्यादा घातल्या. पत्रिका रद्दीत गेल्यावर मागणाऱ्यास कायदाही काही देऊ शकत नाही.

प्रत आली म्हणजे ती घरात शांतपणे वाचावी. येथे एकत्र कुटुंबाचा खरा उपयोग होतो. कोणाचे काका शिक्षक असतात, कोणाच्या वहिनीने तोच विषय घेऊन पदवी मिळविलेली असते. त्यांस ती दाखवावी. प्रत्येक प्रश्नावर गुण पडले आहेत काय, आतले गुण पहिल्या पानावर बरोबर उतरले आहेत काय, पुरवणी वा आलेखाचा कागद जोडलेला आहे काय, पर्यायी प्रश्न सोडून दिलेला तर नाही, या गोष्टी प्रथम पाहाव्यात. बेरजेतील चूक ही गुणपडताळणीने सुटते. उत्तर बरोबर असून गुण कापले असतील तरच फेरमूल्यांकनास जावे, आणि जाण्यापूर्वी नियम वाचावा. गुण उतरले तर तेच कायम राहतील, असा नियम काही ठिकाणी असतो. वाचून पाहता मुलाचेच उत्तर कच्चे होते असे दिसले, तर तेही बरेच झाले. निदान घरात कोणी कोणास खोटे म्हणण्याचे कारण उरले नाही.

आता एका अवघड गोष्टीबद्दल स्पष्ट बोलणे भाग आहे. अन्याय झाला असे वाटताच आमच्या घरांतून पहिला प्रश्न निघतो तो "विद्यापीठात आपल्या ओळखीचे कोण आहे?" हा. रामशास्त्री प्रभुण्यांची आख्यायिका आमच्या वाचकांनी लहानपणी ऐकलेली असेल. पेशव्यांच्या दक्षिणेसाठी आलेल्या ब्राह्मणांत त्यांचे थोरले बंधू होते. शास्त्र्यांचे बंधू म्हणून त्यांस अधिक द्यावे असे नाना फडणिसांनी सुचविले, तेव्हा विद्येच्या मानाने जे मिळावयाचे तेच द्या, भावास द्यावयाचे ते मी माझ्या पदरचे देईन, असे शास्त्री म्हणाले. ही गोष्ट आम्ही मुलांस अभिमानाने सांगतो, आणि त्याच मुलाच्या गुणांसाठी कोणा परिचितास दूरध्वनी करतो! ओळखीने वाढलेला गुण हा दुसऱ्या कोणाच्या तरी मुलावरील अन्याय असतो. शिवाय ओळखीने काम होते हे एकदा मुलाने पाहिले की उत्तरपत्रिकेची प्रत मागण्याची खटपट त्याला वेडेपणाची वाटू लागते.

शिकविणेच वाईट असेल तर काय, हा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे, कारण तेथे दाखवावयास कागद नसतो. प्राध्यापक तासाला येत नाहीत, आले तर जुन्या टिपणवह्या उतरवून देतात, प्रश्न विचारल्यास चिडतात, अशा तक्रारी आम्ही नित्य ऐकतो. यातील काही आळस आहे, यात शंका नाही. पण पुष्कळ ठिकाणी कायमच्या जागा भरलेल्याच नसतात, आणि तासिका तत्त्वावर नेमलेला तरुण एका महाविद्यालयातून दुसऱ्यात धावत असतो. जितके तास घेईल तितक्यांचेच मानधन त्याच्या हाती पडते. त्या गरिबावर राग काढून उपयोग नाही. जागा रिकामी ठेवणाऱ्यांस जाब विचारावयास हवा. यासाठी विद्यार्थ्यांनी वही ठेवावी. तारीख, तास झाला की नाही, काय शिकविले, एवढेच तीत लिहावे. महिना-दोन महिने ती नीट ठेवली, तिच्यावर वर्गातील वीस जणांनी सही केली, म्हणजे आधी त्या प्राध्यापकांकडे, मग विभागप्रमुखांकडे, मग प्राचार्यांकडे जावे. एकट्याने केलेली कुरकूर बाजूस सारता येते. वीस सह्यांची वही सारणे कठीण जाते. भाषा मात्र नम्र असावी, आणि अर्ज मुलाच्या स्वतःच्या हातचा असावा. वडिलांनी लिहून दिलेले अर्ज दुरून ओळखू येतात.

वरच्या पायऱ्याही आता आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे संस्थांतून विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावयास पाहिजे. तिने १५ कामकाजाच्या दिवसांत आपला अहवाल द्यावा, आणि समाधान न झाल्यास निर्णय मिळाल्यापासून १५ दिवसांत लोकपालाकडे दाद मागता यावी, अशी तजवीज आहे. प्रवेशाच्या वेळी कबूल केलेले शिक्षण न देणे, मूल्यमापनात अपारदर्शक वा अन्यायाची रीत अवलंबिणे, या दोन्ही तक्रारी या नियमांत बसतात. परंतु लोकपाल हा काही दुसरा परीक्षक नव्हे. निकालावर परिणाम करणारी विशिष्ट अनियमितता किंवा विशिष्ट भेदभाव दाखविता आला नाही, तर नुसत्या फेरतपासणीचा अर्ज तो ऐकून घेत नाही. म्हणून "गुण कमी दिले" एवढ्यावर न थांबता, कोणत्या प्रश्नास, कोणत्या पानावर, काय चुकले हे लिहावे.

सर्वांत नाजूक प्रकरण अंतर्गत गुणांचे. शंभरांपैकी कोठे २५, कोठे ४० गुण वर्गातील प्राध्यापकाच्याच हाती असतात. येथे परीक्षकाने विद्यार्थ्याचे तोंड रोज पाहिलेले असते, आणि तक्रार करणाऱ्याने पुढली सहामाही त्याच्याच पुढे काढावयाची असते. मुले गप्प बसतात ती या भीतीने, आणि ती भीती अगदीच खोटी नाही. आमच्या मते येथे निकालानंतर भांडण्यापेक्षा सत्राच्या आरंभीच सावध राहणे बरे. गुण कशास किती मिळणार हे पहिल्याच आठवड्यात सर्व वर्गाने मिळून विचारावे व लिहून घ्यावे. चाचणीचा कागद परत मागावा. निबंध वा प्रकल्प दिल्याची पोच घ्यावी. एवढे जपलेले कागद पुढे साक्षीस उभे राहतात.

या गुणांचा धाक मुलीस वेगळ्याच कारणाने दाखविला जात असेल, तर तेथे विभागप्रमुख व विनवण्या यांत एक दिवसही घालवू नये. २०१३ च्या कायद्याने प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत तक्रार समिती सक्तीची केली आहे. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत तिच्याकडे लेखी तक्रार करावयाची असते, आणि सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. पुष्कळ घरांत मुलगी हे आईजवळही बोलत नाही. "कॉलेज बंद कर" हेच उत्तर मिळेल अशी तिला धास्ती असते. ते उत्तर आपल्या घरात मिळणार नाही, हे तिला आधीच, निकालाचा विषय निघण्यापूर्वी, आजीने वा आईने सांगून ठेवावे.