फॉर्म एफवरची सही

ग्वाल्हेरच्या कंपूत, जयारोग्य रुग्णालयाच्या आसपास, सोनोग्राफी केंद्रात शिरलं की आधी सूचना दिसते: इथे गर्भाचं लिंग सांगितलं जात नाही, तो गुन्हा आहे. आणि 2011च्या जनगणनेत या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या 840. ही सूचना आणि हा आकडा एकत्र कसे नांदतात ते बघायला मी एका संशोधक मुलीबरोबर गेले. इथल्याच लष्कर भागातल्या मराठी घरातली, कायदा शिकून समाजशास्त्राकडे वळलेली.

महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा देशात सर्वांत आधी, 1988 साली केला. केंद्राचा आला 1994मध्ये. तो राबवलाच जात नाही म्हणून ‘सेहत’, ‘मासूम’ या संस्था आणि कार्यकर्ते साबू जॉर्ज 2000 साली सर्वोच्च न्यायालयात गेले. आता सगळी मदार फॉर्म एफवर, म्हणजे गर्भवतीच्या प्रत्येक सोनोग्राफीसाठी केंद्राने भरायच्या फॉर्मवर. तो अर्धवट भरला तरी कायद्याचा भंग. डॉक्टर म्हणतात, ही कारकुनी चूक. न्यायालयाने 2019मध्ये ते मानलं नाही. बरोबरच केलं. बंद खोलीतल्या बोलण्याचा दुसरा पुरावा कुठून आणायचा?

पण काउंटरपाशी तासभर बसल्यावर माझा हा ठामपणा जरा ढिला झाला. नाव, पत्ता भराभर झाले. मग रकाना आला: हयात मुलं किती, मुलगे किती, मुली किती. फॉर्म भरणाऱ्या बाईंनी विचारलं सुनेला, बोलली सासू. “दो लड़कियाँ हैं.” पुढचं उत्तरही तिचंच. सून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. खाली छापलेलं घोषणापत्र तिच्या नावाने होतं: मला गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही. ते कुणी वाचून दाखवलं नाही. बोट टेकवलं तिथे तिने सही केली.

“फॉर्म अगदी पूर्ण भरलाय,” संशोधक मुलगी म्हणाली. “तपासणीला आलेल्यांना यात काय सापडणार? आणि आकडा 840.”

फॉर्म भरणाऱ्या बाईंचा मला राग आला नाही. बाहेर बाकावर रांग होती आणि मागून डॉक्टरांची घंटा वाजत होती.

मुलीने आपल्या वहीत एक रकाना वाढवला आहे: उत्तर कोणी दिलं? फॉर्म एफमध्ये तो नाही. आता ती बायकांना घरी जाऊन भेटणार आहे. सासू घरात नसेल अशी वेळ साधणं, हेच या अभ्यासातलं सर्वांत अवघड काम, असं ती म्हणते.