स्टीलच्या गेटवर तांबूस डाग का पडतात? पावसापेक्षा धूळ आणि अ‍ॅसिडच जास्त घातक

आसगाव (ता. पवनी) : नव्या घराला स्टीलचं गेट, जिन्याला स्टीलची रेलिंग ही पद्धत आता खेड्यातही रुळली आहे. रंगाचा खर्च नाही, गंज नाही, या भरवशावर लोक लोखंडापेक्षा जास्त पैसे मोजतात. पण काही महिन्यांतच चकाकी जाते, तांबूस ठिपके दिसतात आणि दुकानदाराने फसवलं असं वाटतं. दर वेळी तसं नसतं.

स्टेनलेस स्टीलमध्ये किमान 10.5 टक्के क्रोमियम असतं. हवेतल्या ऑक्सिजनमुळे त्याचा अतिशय पातळ थर पृष्ठभागावर तयार होतो. तोच गंज रोखतो. ओरखडा पडला तरी थर पुन्हा धरतो, मात्र त्यासाठी पृष्ठभाग स्वच्छ हवा.

या थराचा मोठा शत्रू म्हणजे क्लोराईड. फरशी धुण्याचं अ‍ॅसिड, ब्लीचिंग पावडर, धानाला टाकायचं पोटॅश खत, या सगळ्यांत ते असतं. घर बांधून झाल्यावर फरशीवर अ‍ॅसिड ओततात, त्याचे शिंतोडे आणि वाफ रेलिंगला लागते. शेजारी लोखंड कापलं तर उडालेले कण स्टीलवर चिकटून गंजतात.

पाऊस उलट धूळ धुऊन नेतो. त्यामुळे छज्जाखालच्या, दव आणि धूळ बसणाऱ्या भागावर डाग आधी पडतात.

ग्रेडचाही फरक पडतो. 304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. स्वस्त 202 मध्ये निकेल कमी, मँगनीज जास्त, म्हणून ते बाहेर लवकर डागाळतं. चुंबक लावून हा फरक कळत नाही, कारण 202 लाही चुंबक सहसा चिकटत नाही.

भंडारा जिल्ह्यात पितळेची भांडी चिंच-मीठ लावून घासायची सवय जुनी आहे. स्टीलच्या गेटला हा उपाय नको. तारेची घासणीही नको.

काय करावं?
- महिन्यातून एकदा साबणाच्या पाण्याने, मऊ फडक्याने, रेघांच्या दिशेने पुसा.
- साध्या पाण्याने धुऊन कोरडं करा.
- अ‍ॅसिड उडालं तर लगेच भरपूर पाणी ओता.
- वेल्डिंगचे काळे-निळे डाग कारागिराकडून साफ करूनच काम ताब्यात घ्या.
- बिलावर ग्रेड लिहून घ्या. नंतर वाद झाला तर तोच कागद कामी येतो.