गोळी बदलायची की नाही? 'रक्त पातळ करणाऱ्या' औषधांचे पेपर कसे वाचायचे

पेट झाल्यावर सिनॉप्सिस घेऊन आरआरसीसमोर उभं राहिलं की एक प्रश्न हमखास येतो: "तुमचा निष्कर्ष नेमका कोणाला लागू होतो?" प्रश्न साधा वाटतो, पण औषधांच्या संशोधनात त्याच्या उत्तरावर माणसांचे जीव अवलंबून असतात. आज त्याचंच एक उदाहरण बघू.

आधी थोडी पार्श्वभूमी

वॉरफरिन आणि आपल्याकडे जास्त चालणारं अ‍ॅसिट्रॉम ही जुनी औषधं. बोलताना आपण 'रक्त पातळ करणारी गोळी' म्हणतो, पण रक्त काही पातळ होत नाही. यकृतात व्हिटॅमिन के वापरून गुठळीला लागणारे घटक तयार होतात, त्या कामात ही गोळी अडथळा आणते. म्हणून मेथी-पालक एकदम जास्त खाल्ला तर तिचा परिणाम कमी होऊ शकतो. डोस बरोबर आहे का, हे आयएनआर तपासणीने कळतं. बहुतेक रुग्णांत तो 2 ते 3 मध्ये ठेवतात. खाली गेला तर गुठळीची भीती, वर गेला तर रक्तस्रावाची.

डॅबिगॅट्रान, रिव्हरॉक्सॅबान, एपिक्सॅबान ही नवी औषधं. डोस ठरलेला असतो, आयएनआर करावा लागत नाही. सिल्लोड किंवा कन्नडहून रक्त तपासायला शहरात यायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं. त्यामुळे 'नवी गोळी चालू करू' हा विचार अगदी स्वाभाविक आहे.

नव्या औषधांची बाजू

2011 ची अ‍ॅरिस्टॉटल ट्रायल घ्या. हृदयाचे ठोके अनियमित असलेले (एट्रियल फिब्रिलेशन) 18,201 रुग्ण, एपिक्सॅबान विरुद्ध वॉरफरिन. मोठ्या रक्तस्रावाचं प्रमाण वर्षाला 3.09 टक्क्यांवरून 2.13 टक्क्यांवर आलं. पक्षाघात किंवा शरीरात इतरत्र गुठळी अडकण्याचं प्रमाण 1.60 वरून 1.27 टक्के झालं. दोन्ही पारडी नव्या औषधाकडे झुकली. मग प्रश्न संपला का?

नाही. आता पेपरमधला 'कोणाला वगळलं' हा भाग वाचा. मध्यम किंवा तीव्र मायट्रल स्टेनोसिस, म्हणजे हृदयाची मायट्रल झडप अरुंद झालेले रुग्ण, या ट्रायलमध्ये नव्हतेच. आपल्याकडे अशा झडपेचं नेहमीचं कारण म्हणजे लहानपणी घशाच्या संसर्गानंतर आलेला संधिवाताचा ताप. त्यातून पुढे ऱ्हुमॅटिक हृदयरोग होतो आणि तो तरुण बायकांमध्ये बराच दिसतो. म्हणजे घाटीच्या ओपीडीत बसलेल्या अशा बाईबद्दल अ‍ॅरिस्टॉटल काहीच सांगत नाही.

इन्व्हिक्टस: 2022

हीच पोकळी भरायला इन्व्हिक्टस ट्रायल झाली. आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतले 24 देश, भारतही त्यात. विश्लेषणात 4,531 रुग्ण, सरासरी वय 50.5 वर्षं, 72 टक्के स्त्रिया. रिव्हरॉक्सॅबान विरुद्ध वॉरफरिनसारखी जुनी औषधं. पक्षाघात, इतरत्र गुठळी, हार्ट अटॅक किंवा हृदय-रक्तवाहिन्यांमुळे वा अज्ञात कारणाने मृत्यू, यांपैकी काहीही झालं तर ते मोजायचं ठरलं.

रिव्हरॉक्सॅबान गटात 2,275 पैकी 560 जणांना असं काही झालं, जुन्या औषधाच्या गटात 2,256 पैकी 446 जणांना. म्हणजे 24.6 आणि 19.8 टक्के. मोठा रक्तस्राव 40 विरुद्ध 56 रुग्णांत झाला, पण हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठोस नव्हता. नुसतं रक्तस्रावाचं पारडं बघितलं असतं तर नवं औषध बरं वाटलं असतं. मृत्यू मात्र त्याच गटात जास्त झाले. आणि गंमत म्हणजे जुन्या गटातही आयएनआर कायम योग्य पट्ट्यात नव्हता, तरी निकाल हा.

इथे विचार करण्यासारखा एक प्रश्न आहे. ही ट्रायल ओपन-लेबल होती, कोण काय घेतंय ते सगळ्यांना माहीत होतं. आयएनआरच्या निमित्ताने जुन्या गटाचा डॉक्टरांशी संपर्क जास्त आला असेल, तर फायद्यातला किती वाटा गोळीचा आणि किती त्या भेटींचा?

'सुरू करणं' आणि 'बदलणं' वेगळं

2023 मध्ये नेदरलँड्समधून फ्रेल-एएफ ट्रायल आली. 75 किंवा त्याहून जास्त वयाचे, अशक्त, आधीपासून जुनी गोळी घेणारे रुग्ण. निम्म्यांची गोळी बदलली, निम्म्यांची तीच ठेवली. वर्षभरात दखलपात्र रक्तस्राव बदललेल्या गटात 15.3 टक्के, न बदललेल्या गटात 9.4 टक्के. फरक 5.9. म्हणजे साधारण 17 जणांची गोळी बदलली की एकाला जास्तीचा रक्तस्राव. यातले बहुतेक रक्तस्राव 'मोठे' या वर्गात बसणारे नव्हते, हेही लक्षात ठेवा. गुठळ्या 16 विरुद्ध 13 रुग्णांत, म्हणजे त्या बाजूने फायदाही दिसला नाही.

असं का झालं असेल? एक शक्यता बघा. जे वर्षानुवर्षं जुन्या गोळीवर टिकले, ते आधीच गाळून आलेले रुग्ण आहेत. ज्यांना ती सोसली नाही ते केव्हाच बाहेर पडले. अशांची तुलना पहिल्यांदाच औषध घेणाऱ्यांशी करता येत नाही.

आपण काय शिकायचं?

कुठलाही पेपर हातात आला की चार गोष्टी वहीत लिहा:

1. कोणाला घेतलं आणि कोणाला वगळलं?
2. औषध नव्याने सुरू केलं की चालू औषध बदललं?
3. दोन्ही पारड्यांत प्रत्यक्ष किती माणसं आहेत? नुसता हॅझार्ड रेशो बघून थांबू नका. फ्रेल-एएफमध्ये तो 1.69 होता, पण '17 मध्ये एक' हे त्यातून कळत नाही.
4. पारड्यांतल्या घटना सारख्या वजनाच्या आहेत का? वारंवार नाकातून रक्त येणं आणि कायमचा अर्धांगवायू यांची किंमत एक नाही.

घरात कोणी ही औषधं घेत असेल तर हा लेख वाचून गोळी थांबवू किंवा बदलू नका. मधल्या दिवसांत जुन्या गोळीचा असर किती उरलाय ते बघूनच नवी सुरू करतात, आणि ते डॉक्टरच ठरवतील.

सरावासाठी 2013 ची री-अलाइन ट्रायल शोधा. कृत्रिम धातूची झडप, डॅबिगॅट्रान विरुद्ध वॉरफरिन, आणि ट्रायल मध्येच थांबवावी लागली. वरचे चार प्रश्न तिला लावा आणि ती का थांबवली, ते स्वतःच्या शब्दांत पाच ओळींत लिहा.