तीस की पन्नास? न्यूझीलंडच्या रस्त्यांवरचा वाद आणि सायकलीचा प्रश्न

गेल्या काही वर्षांत न्यूझीलंडमधील अनेक रस्त्यांवरचे वेगमर्यादेचे फलक दोनदा बदलले. २०२२ च्या नियमाने शाळांच्या परिसरात वेग कमी करण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली, आणि कित्येक निवासी रस्त्यांवर ताशी ५० किलोमीटरची मर्यादा ३० वर आली. नोव्हेंबर २०२३ मध्ये सत्तांतर झाले. २०२४ मध्ये आलेल्या नव्या नियमाने १ जानेवारी २०२० नंतर कमी केलेल्या ठरावीक प्रकारच्या रस्त्यांवरील मर्यादा १ जुलै २०२५ पर्यंत पूर्ववत करण्यास सांगितले. शाळांपुढे ३० ची मर्यादा राहिली, पण मुख्यतः मुले येण्याजाण्याच्या वेळेपुरती.

नव्याने या देशात आलेल्या मराठी कुटुंबाला हा वाद किरकोळ वाटण्याचा संभव आहे. ज्यांनी पुण्याचा स्वारगेट चौक किंवा ठाण्याचा घोडबंदर रस्ता पायी ओलांडला आहे, त्यांना ऑकलंडच्या उपनगरातील रस्ता शिस्तीचा आणि निर्धोक भासतो. प्रत्यक्षात सुमारे पन्नास लाख लोकवस्तीच्या या देशात २०१८ साली रस्त्यांवर ३७० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. २०२४ मध्ये हा आकडा तीनशेच्या आत आला, तरी दर आठवड्याला पाचहून अधिक मृत्यू होतच राहिले. आणि ज्यांची गणना कोणत्याही अपघाताच्या नोंदीत होत नाही असाही एक परिणाम आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून शाळेला सायकलने जाणाऱ्या मुलांचे प्रमाण येथे फार मोठ्या प्रमाणात घटले. रस्ता धोक्याचा म्हणून आईवडील मुलांना मोटारीने सोडतात, आणि त्या मोटारींमुळे शाळेपुढचा रस्ता अधिक धोक्याचा होतो. हे चक्र कसे तोडावे, हाच या वादाचा गाभा आहे.

वेगाचे गणित

प्रथम ३० आणि ५० या आकड्यांतील अंतर समजून घेऊ. धोका दिसल्यापासून ब्रेक प्रत्यक्ष लागेपर्यंत सामान्य चालकाचा सुमारे दीड सेकंद जातो असे धरले, तर ताशी ३० च्या वेगाने मोटार तेवढ्या अवधीत साडेबारा मीटर पुढे जाते आणि कोरड्या रस्त्यावर आणखी सुमारे पाच मीटरांत थांबते. एकूण अंतर साडेसतरा मीटर. ताशी ५० च्या वेगाने तीच मोटार दीड सेकंदात जवळपास एकवीस मीटर जाते, आणि त्यानंतर थांबण्यासाठी तिला आणखी चौदा मीटर लागतात. एकूण पस्तीस.

आता मोटारीपासून अठरा मीटरवर एखादे मूल अचानक रस्त्यात आले असे समजू. ३० च्या वेगाची मोटार त्याच्यापुढे थांबते. ५० च्या वेगाच्या मोटारीचा चालक त्या क्षणी ब्रेकपर्यंत पोहोचलेलाही नसतो. धडक पूर्ण वेगाने बसते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे त्या धडकेतील ऊर्जा ३० च्या धडकेतील ऊर्जेपेक्षा पावणेतीन पट असते. चालक कितीही कुशल असो, हे गणित बदलत नाही.

माणूस चुकणारच, म्हणून त्याच्या चुकीची शिक्षा मृत्यू होऊ नये अशी रस्त्याची रचना करावी, हा विचार स्वीडनने १९९७ मध्ये राष्ट्रीय धोरण म्हणून स्वीकारला. न्यूझीलंडने २०१९ च्या अखेरीस जाहीर केलेल्या ‘रोड टू झीरो’ या दशवार्षिक धोरणाचा आधार तोच होता. २०३० पर्यंत रस्त्यांवरील मृत्यू आणि गंभीर दुखापती ४० टक्क्यांनी कमी करणे हे त्याचे उद्दिष्ट होते.

फलकाहून महत्त्वाची रचना

फलक लावला म्हणजे वेग कमी होतोच असे नाही. रुंद, सरळ आणि मोकळा रस्ता चालकाला वेग वाढवण्याचे मूक आमंत्रण देत असतो. म्हणून अभियंते रस्त्याचाच आकार बदलतात. कोपऱ्यांची वळणे अरुंद केली की मोटारीला वळताना वेग कमी करावा लागतो. पादचारी ओलांडणी पदपथाच्या उंचीला आणली की ती गतिरोधकाचेही काम करते. मध्ये थांबण्यासाठी बेट ठेवले की वृद्ध माणसाला एका वेळी एकाच दिशेच्या वाहतुकीकडे लक्ष द्यावे लागते.

सायकलीच्या बाबतीत निर्णायक भेद आहे तो रंगाची रेघ आणि प्रत्यक्ष अडथळा यांच्यातला. रस्त्याच्या कडेला नुसती पांढरी पट्टी ओढली, तर सायकलस्वाराच्या एका बाजूला धावणारी मोटार आणि दुसऱ्या बाजूला उभ्या मोटारीचे केव्हाही उघडणारे दार, अशी अवस्था होते. धाडसी तरुण तेथून जाईल. दहा वर्षांची मुलगी किंवा साठीतली गृहिणी जाणार नाही. काँक्रीटचे दुभाजक बसवले, किंवा उभ्या मोटारींची रांग सायकलमार्ग आणि वाहतूक यांच्यामध्ये घेतली, की चित्र पालटते.

हेल्मेटची चर्चाही याच संदर्भात व्हायला हवी. १ जानेवारी १९९४ पासून न्यूझीलंडमध्ये सर्व वयांच्या सायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे आहे. हेल्मेट डोक्याला आघातापासून काही संरक्षण देते, परंतु आघात होऊच नये यासाठी ते काही करू शकत नाही. ते काम रस्त्याचे आहे.

ख्राइस्टचर्चची पुनर्रचना

या देशात सायकल ही परदेशातून आणलेली नवी टूम आहे असा एक समज आहे. इतिहास वेगळे सांगतो. सपाट भूमीवर वसलेले ख्राइस्टचर्च विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सायकलींचे शहर म्हणूनच ओळखले जाई. १८९२ मध्ये तेथे ‘अटलांटा लेडीज सायकलिंग क्लब’ स्थापन झाला आणि स्त्रियांच्या मताधिकाराच्या अग्रणी केट शेपर्ड त्याच्या सदस्य होत्या. पुढच्याच वर्षी, १८९३ मध्ये, न्यूझीलंडने स्त्रियांना संसदीय निवडणुकीत मतदानाचा हक्क दिला. स्वतःच्या बळावर घराबाहेर पडणे आणि स्वतःचे मत नोंदवणे या दोन गोष्टी त्या स्त्रियांना परस्परांपासून दूरच्या वाटल्या नसाव्यात.

दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारींनी ही ओळख पुसली. मग २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात १८५ जणांचा बळी गेला आणि शहराचा मध्यभाग उद्ध्वस्त झाला. पुनर्बांधणीसाठी नगरपरिषदेने ‘शेअर ॲन आयडिया’ ही मोहीम चालवली, तेव्हा सहा आठवड्यांत नागरिकांकडून एक लाखाहून अधिक सूचना आल्या. चालण्यासाठी आणि सायकलसाठी अनुकूल, हिरवे शहर हवे, हा त्यांतला ठळक सूर होता. डेन्मार्कचे नगररचनाकार यान गेल यांच्या संस्थेचाही या प्रक्रियेत सहभाग होता. त्यातून उपनगरांना मध्यभागाशी जोडणाऱ्या तेरा प्रमुख सायकलमार्गांची योजना आकाराला आली. हॅग्ली पार्कपासून कँटरबरी विद्यापीठाकडे जाणारा ‘युनि-सायकल’ हा त्यांतला एक. २०१६ मध्ये शहराच्या मध्यभागात ३० ची मर्यादाही आली.

या योजनेचे मर्म मार्ग एकमेकांना जोडण्यात आहे. सायकलमार्ग मध्येच तुटला, तर त्याची उपयुक्तता त्याच्या सर्वांत धोकादायक टप्प्याइतकीच उरते. नऊशे मीटर सुरक्षित आणि शंभर मीटर जीवघेणे असतील, तर आई मुलाला त्या वाटेने पाठवणार नाही.

ऑकलंडचा पूल आणि गुलाबी वाट

ऑकलंडची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. १९५९ मध्ये खुल्या झालेल्या हार्बर ब्रिजवर खर्च वाचवण्यासाठी पदपथ ठेवला गेला नाही. दहा वर्षांनी, १९६९ मध्ये, पुलाला दोन्ही बाजूंनी जास्तीच्या मार्गिका जोडून चारच्या आठ केल्या. त्यांतही पादचारी किंवा सायकलस्वाराला जागा मिळाली नाही. ३० मे २०२१ रोजी शेकडो सायकलस्वार निषेध म्हणून पुलावर गेले. त्यानंतर काही दिवसांतच सरकारने ७८.५ कोटी डॉलरचा स्वतंत्र पूल जाहीर केला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो रद्दही केला. अवाजवी खर्चाची टीका त्याला भोवली.

याच शहरात कमी गाजावाजात झालेली कामे टिकली. वापरातून गेलेल्या एका मोटरवे-उताराचे डिसेंबर २०१५ मध्ये ‘ते आरा इ व्हिती’ या झगझगीत गुलाबी सायकलमार्गात रूपांतर झाले. २०१७ मध्ये वॉटरव्ह्यू बोगद्याबरोबर एक सामायिक मार्ग खुला झाला, आणि माउंट रॉस्किल, माउंट अल्बर्ट या भागांतून वायव्य सायकलमार्गाकडे जाण्याची वाट मिळाली. भारतीय वस्ती मोठी असलेल्या या उपनगरांतून कामावर जाणाऱ्यांना ती आज उपयोगी पडते.

आक्षेप आणि पुरावे

विरोधकांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. वेग कमी केला की प्रत्येकाचा वेळ जातो, आणि तो सर्वांचा मिळून मोजला की अर्थव्यवस्थेवर भार पडतो, असे सरकारचे प्रतिपादन आहे. म्हणूनच २०२४ च्या नियमात वेग कमी करण्याच्या प्रत्येक प्रस्तावासाठी खर्च-लाभाचे विश्लेषण मागितले आहे. हिशेब करून पाहू. दोन किलोमीटरचे निवासी अंतर ५० च्या स्थिर वेगाने सुमारे अडीच मिनिटांत, तर ३० च्या वेगाने चार मिनिटांत कापले जाते. वळणे, सिग्नल आणि ओलांडण्या धरल्या तर हा दीड मिनिटाचा फरक आणखी कमी होतो. मुख्य मार्गांवर मात्र तो वाढतो. त्यामुळे कोणत्या रस्त्यावर कोणता वेग, हा प्रश्न सरसकट सोडवता येत नाही, हे दोन्ही बाजूंनी मान्य करावे लागेल.

पार्किंग गेले तर धंदा बुडेल, ही दुकानदारांची भीतीही खरी असते. वेलिंग्टनच्या आयलंड बे भागात सायकलमार्गाच्या रचनेवरून वर्षानुवर्षे वाद चालला, तो लोकांना विश्वासात घेण्याचे महत्त्व शिकवून गेला.

खर्च वाया जातो का, याबद्दल मात्र न्यूझीलंडमध्येच झालेला अभ्यास उपलब्ध आहे. २०१० मध्ये न्यू प्लिमथ आणि हेस्टिंग्ज या दोन शहरांना चालणे आणि सायकल यांसाठी ‘आदर्श नगरे’ म्हणून निधी मिळाला. संशोधकांनी त्यांची तुलना व्हांगानुई आणि मास्टरटन यांच्याशी केली. निधी मिळालेल्या शहरांत पायी आणि सायकलने होणाऱ्या फेऱ्यांचे प्रमाण तुलनेने सुमारे ३० टक्क्यांनी वाढले, आणि आरोग्य व कार्बन उत्सर्जन यांचा लाभ धरता प्रत्येक डॉलरमागे सुमारे अकरा डॉलर परत आल्याचा निष्कर्ष पुढे निघाला. ऑकलंडसाठी २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात, सुरक्षित सायकलमार्गांचा लाभ खर्चाच्या १० ते २५ पट असू शकतो असा अंदाज मांडला होता. तरीही २०२४ च्या राष्ट्रीय वाहतूक धोरणात चालणे आणि सायकल यांवरील तरतूद लक्षणीयरीत्या घटली.

पुण्याचा धडा

मराठी वाचकाला येथे पुणे आठवणे स्वाभाविक आहे. एकेकाळी कारखान्याच्या पाळीला, कॉलेजला आणि मंडईला सायकलवरून जाणारे ते शहर पुढे दुचाकींनी भरून गेले. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी सुरू झाली, तेव्हा तिच्या कडेने सायकल ट्रॅकही आले. पण कोठे ट्रॅकवर वाहने उभी राहिली, कोठे पथारी लागली, कोठे फरश्या उखडल्या, आणि चौक आला की ट्रॅक संपला. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला, अंमलबजावणी रेंगाळली. ख्राइस्टचर्च आणि पुणे यांच्यातला फरक केवळ पैशांचा नाही. सलगता, देखभाल आणि अतिक्रमणाविरुद्ध कारवाई या तीन गोष्टींविना आराखडा कागदावरच राहतो.

आपला सहभाग

न्यूझीलंडमध्ये राहणाऱ्या मराठी व्यावसायिकांना या वादात केवळ प्रेक्षक राहण्याचे कारण नाही. येथे मतदानासाठी नागरिकत्वच लागते असे नाही. अठरा वर्षे पूर्ण झालेली आणि निवासी व्हिसावर असलेली व्यक्ती, तिने या देशात कधीतरी सलग बारा महिने वास्तव्य केलेले असेल, तर मतदार म्हणून नोंदणी करू शकते. स्थानिक निवडणुका दर तीन वर्षांनी टपाली मतपत्रिकेने होतात, आणि सायकलमार्ग, ओलांडण्या व पार्किंग यांचे बरेच निर्णय याच पातळीवर घेतले जातात.

दुसरा मार्ग लेखी निवेदनाचा. रस्त्यात मोठा बदल करण्यापूर्वी नगरपरिषदा मते मागवतात आणि निवेदन देण्यासाठी मताधिकारही लागत नाही. अशा निवेदनात सर्वसाधारण मतापेक्षा नेमकी माहिती अधिक उपयोगी ठरते: कोणत्या चौकात, कोणत्या वेळी, कोणत्या दिशेने येणाऱ्या वाहनामुळे मुलांना थांबावे लागते, आणि तेथे बेट हवे की उंच ओलांडणी. ज्या रस्त्याने आपली मुले शाळेत जातात तो एकदा शाळेच्या वेळी त्यांच्यासोबत पायी चालून पाहिला, तर अशा निवेदनाचा बहुतांश मजकूर तेथेच हाती येतो.